कॅन्सर सेंटरचं सदस्यत्व : मागायला संकोच कशाला?

अमेरिकेतल्या विद्यापीठात असिस्टंट प्रोफेसर म्हणून रुजू झालेल्या माणसाचे पहिले काही महिने कशात जातात, ते त्यातून गेलेल्या सगळ्यांना ठाऊक आहे. लॅबची जागा ताब्यात घ्यायची, फ्रीझर मागवायचे, पहिला विद्यार्थी शोधायचा, प्राण्यांवरच्या प्रयोगांची परवानगी काढायची. वर मुलांची शाळा, घराचं भाडं आणि व्हिसाचे कागद. या धबडग्यात एक अर्ज हमखास मागे पडतो. तो म्हणजे विद्यापीठाच्या कॅन्सर सेंटरच्या सदस्यत्वाचा. का नाही केला म्हणून विचारलं की उत्तरं ठरलेली असतात. "मला कुणी बोलावलंच नाही." "माझं काम थेट कॅन्सरवर नाही." "आधी एखादी मोठी ग्रँट मिळू दे, मग बघू." यातली पहिली दोन उत्तरं साफ चुकीची आहेत आणि तिसरं अर्धंच खरं आहे.

पुणे, मुंबई, नागपूर किंवा गोव्यात शिकून, अमेरिकेत पोस्टडॉक संपवून पहिली स्वतंत्र नोकरी मिळालेले मराठी संशोधक डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहिते आहे. डॉक्टर, संख्याशास्त्रज्ञ, इंजिनिअर, सार्वजनिक आरोग्यात काम करणारी मंडळी, सगळ्यांनाच तो उपयोगी पडावा. सदस्यत्वाच्या अर्जांची छाननी करणाऱ्या समितीत बसून जे दिसतं, त्यावरून माझं ठाम मत झालं आहे की आपली माणसं अपात्र ठरून मागे राहतात असं क्वचितच होतं. बहुतेक जण अर्जच करत नाहीत, किंवा उशिरा आणि अर्ध्या मनाने करतात.

सेंटरला तुमची गरज का असते

हे सेंटर म्हणजे नेमकं काय, ते आधी बघू. नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, म्हणजे एनसीआय, १९३७ साली स्थापन झाली. पुढे २३ डिसेंबर १९७१ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी नॅशनल कॅन्सर ॲक्टवर सही केली आणि देशभर संशोधन केंद्रांना मान्यता व पैसा देण्याची आजची योजना त्यातून उभी राहिली. एनसीआयची मान्यता असलेली केंद्रं सध्या सत्तरहून थोडी अधिक आहेत. कॅलिफोर्नियातलं साल्क किंवा न्यूयॉर्क राज्यातलं कोल्ड स्प्रिंग हार्बर यांसारखी मोजकी केंद्रं निव्वळ प्रयोगशाळेतल्या मूलभूत संशोधनाची आहेत, तिथे रुग्ण नसतात. काहींना क्लिनिकल कामाची जोड असते. आणि ज्यांना 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' हा दर्जा आहे त्यांना प्रयोगशाळा, रुग्णांवरचे अभ्यास आणि लोकसमूहांचं आरोग्य या तिन्ही आघाड्यांवर खोलवर काम दाखवावं लागतं.

ह्यूस्टनचं एमडी अँडरसन, न्यूयॉर्कचं मेमोरियल स्लोन केटरिंग या स्वतंत्र संस्था आहेत. तिथे नोकरी लागली की तुमचा मालकच कॅन्सर सेंटर. पण जॉन्स हॉपकिन्सचं सिडनी किमेल, मिशिगनचं रोगेल, नॉर्थ कॅरोलायनाचं लाइनबर्गर ही विद्यापीठाच्या पोटात वसलेली केंद्रं आहेत, आणि बहुसंख्य केंद्रं अशीच असतात. तिथे तुमचा पगार, टेन्युअर, शिकवण्याचा भार आणि बढती हे सगळं विभागाच्या हातात राहतं. कॅन्सर सेंटर मेडिसिन, फार्मसी, इंजिनिअरिंग, पब्लिक हेल्थ अशा अनेक शाखांतली माणसं गोळा करतं. त्याला स्वतःचा संचालक असतो, पैसा असतो, जागाही असते. मात्र माणसं त्याला इतरांच्या घरातून आणावी लागतात. सदस्यत्वाची सगळी व्यवस्था या एका अडचणीतून जन्माला आली आहे.

एनसीआय या केंद्रांना जी ग्रँट देते तिला सगळे पी-३० म्हणतात. साधारण पाच वर्षांनी ती नव्याने मिळवावी लागते. तिच्या पैशातून तुमचं संशोधन चालत नाही. सामायिक प्रयोगशाळा (कोअर लॅब), संख्याशास्त्राची मदत, क्लिनिकल ट्रायलची यंत्रणा, नेतृत्वाचा वेळ, थोडं बीजभांडवल (पायलट ग्रँट) अशा गोष्टींवर ते पैसे खर्च होतात. पण ती मिळवण्यासाठी सेंटरला आपल्या सदस्यांची कुंडली मांडावी लागते. कुणाकडे कोणती ग्रँट आहे, ती कुठल्या संस्थेने दिली, तिचा कॅन्सरशी किती टक्के संबंध, कोणते पेपर दोन सदस्यांनी मिळून लिहिले, त्यांतले किती सेंटरच्या वेगवेगळ्या संशोधन प्रोग्रॅममधल्या सदस्यांनी मिळून लिहिले, ट्रायलमध्ये किती रुग्ण आले; याचे तक्ते एनसीआयला जातात. बाहेरून नेमलेलं सल्लागार मंडळ दरवर्षी तेच प्रश्न विचारतं. तुमची पहिली आर-०१, म्हणजे स्वतंत्र संशोधनाची मोठी ग्रँट, त्या तक्त्यात आली, तर सेंटरचं पारडं तेवढं जड होतं.

हे एवढ्या विस्ताराने सांगितलं, कारण संकोच इथेच सुटतो. आपण भिडस्तपणे वाढलेलो असतो. काम करत राहावं, कुणाच्या तरी नजरेत येईलच, आपण होऊन काय मागायचं, अशी शिकवण असते. या बाबतीत तरी भीड भिकेची बहीण ठरते. सेंटरच्या कार्यालयात नव्या प्राध्यापकांची यादी पोचते हे खरं, पण त्या यादीत प्राणीशास्त्र विभागातल्या किंवा मेकॅनिकल इंजिनिअरिंगमधल्या तुमच्या नावापुढे "याच्या कामाचा कॅन्सरशी संबंध आहे" असं लिहिलेलं नसतं. ते तुम्हीच जाऊन सांगायचं. सांगणाऱ्याचं तिथे मनापासून स्वागत होतं, कारण गरज दोन्हीकडून आहे.

"माझं काम कॅन्सरवर नाही"

ही समजूत मला सगळ्यात जास्त खटकते. कॅन्सर संशोधन म्हणजे उंदराला गाठ आणि गाठीला औषध, एवढंच चित्र डोक्यात असलं की निम्मे लोक स्वतःच स्वतःला वगळतात. प्रतिमांचं विश्लेषण करणारा संगणकतज्ज्ञ, पेशींच्या कडकपणाचं मोजमाप करणारा इंजिनिअर, जगण्या-मरण्याच्या आकडेवारीवर काम करणारी संख्याशास्त्रज्ञ, उपचारांचा खर्च तपासणारा अर्थशास्त्रज्ञ, वेदनाशमनावर काम करणारी नर्सिंगची प्राध्यापक, सगळ्यांची तिथे जागा आहे.

आपल्याच मातीतलं उदाहरण घ्या. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा एक मोठा प्रयोग झाला. टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची फ्रान्समधली कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. सुमारे १,३१,००० स्त्रियांवरचा हा अभ्यास २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. एचपीव्ही विषाणूची एकच तपासणी केली तरी या कर्करोगाने होणारे मृत्यू घटतात, हे त्यातून दिसलं. त्यात उंदीर नव्हते. गावोगावी जाऊन बायकांना समजावणारे आरोग्यसेवक होते, नोंदी होत्या, चिकाटी होती. अशा कामाची सवय असलेला माणूस अमेरिकेतल्या सेंटरच्या पॉप्युलेशन सायन्सच्या गटाला हवाच असतो.

त्यातही एक गोष्ट आपल्या पथ्यावर पडणारी आहे. प्रत्येक सेंटरला आपलं कार्यक्षेत्र ठरवून तिथल्या लोकांचा कर्करोगाचा भार कमी करण्याचं काम दाखवावं लागतं. रटगर्स विद्यापीठाच्या केंद्राचं कार्यक्षेत्र म्हणजे सबंध न्यू जर्सी राज्य, आणि एडिसनच्या आसपास भारतीय वस्ती किती दाट आहे हे सांगायला नको. तंबाखू, गुटखा, सुपारी खाणाऱ्याशी त्याच्या भाषेत बोलता येणं, घरातली सासू सुनेला मॅमोग्रामला का पाठवत नाही हे न विचारता कळणं, ही तिथे संशोधनाची कुवत मानली जाते. ती अर्जात लिहायला लाजू नका.

पण याची दुसरी बाजूही सांगायला हवी. कामाला कॅन्सरचं नुसतं लेबल चिकटवलं तर ते समितीला लगेच दिसतं. एक नमुना दाखवते. समजा, तुम्ही यीस्टच्या पेशींत मायटोकाँड्रियाचं विभाजन कसं होतं याचा अभ्यास करता. अर्जातला परिच्छेद बहुतेक वेळा असा येतो:

"माझी लॅब मायटोकाँड्रियाच्या विभाजनाच्या यंत्रणेचा अभ्यास करते. ही यंत्रणा मेंदूचे विकार, मधुमेह आणि कर्करोग अशा अनेक रोगांत महत्त्वाची आहे. त्यामुळे आमच्या संशोधनातून कर्करोगावर नवे उपचार सापडण्याची शक्यता आहे."

या तीन वाक्यांत खोटं काही नाही, पण ती कुणीही कुठेही चिकटवू शकेल. तोच परिच्छेद असा लिहून बघा:

"केआरएएस जनुकात बिघाड झालेल्या पेशींत डीआरपी-१ या प्रथिनावर ईआरके फॉस्फेट चढवतं, त्यामुळे मायटोकाँड्रियाचे तुकडे होतात आणि गाठीच्या वाढीला मदत होते, हे आधीच सिद्ध झालं आहे. आमच्या लॅबने यीस्टमध्ये या विभाजनाचे दोन नवे नियंत्रक शोधले आहेत. त्यांचे मानवी जोडीदार बंद केले तर स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या पेशींची वाढ मंदावते का, हे आम्ही पुढच्या दोन वर्षांत पाहणार आहोत. त्यासाठी सेंटरच्या टिश्यू बँकेतले नमुने लागतील, आणि उंदरांवरच्या पुढच्या टप्प्यासाठी याच प्रोग्रॅममधल्या एका गटाशी बोलणी झाली आहेत."

दुसऱ्या परिच्छेदात अवयव आहे, जनुक आहे, मुदत आहे, सेंटरकडून काय हवं ते आहे आणि कुणाबरोबर काम करणार तेही आहे. समितीतला माणूस तो वाचून सांगू शकतो की हा अर्जदार कुठल्या प्रोग्रॅममध्ये बसेल. असं लिहिण्यासारखं आज खरंच काही नसेल, तर सहा महिने थांबा, एक छोटा प्रयोग करा, एका सहकाऱ्याशी जोडून घ्या आणि मग अर्ज करा. काम कॅन्सरकडे वळवायची इच्छाच नसेल तर सदस्यत्वाच्या मागे लागू नये, असंही मी स्पष्टपणे म्हणेन. नावापुरता सदस्य झालेला माणूस दोन-तीन वर्षांनी यादीतून गळतो आणि तोवर दोन्ही बाजूंना मनस्ताप होतो.

अर्ज कसा करावा

कागद फार नसतात. बायोस्केच, चालू आणि प्रलंबित ग्रँटची यादी, प्रकाशनांची यादी, एक-दोन पानांचं निवेदन, आणि बऱ्याच ठिकाणी विभागप्रमुखाचं किंवा प्रोग्रॅम लीडरचं पत्र. पात्रतेची कलमं सेंटरगणिक वेगळी असतात. काही ठिकाणी पूर्ण सदस्यत्वासाठी स्वतःच्या नावावर पीअर रिव्ह्यू झालेली बाहेरची ग्रँट हवीच. नव्या लोकांसाठी मात्र सहयोगी सदस्य किंवा तत्सम एखादं दार बहुतेक ठिकाणी उघडं ठेवलेलं असतं, कारण आजचा सहयोगी सदस्य उद्याचा ग्रँटधारक असतो हे तेही जाणतात. "आधी ग्रँट मिळू दे" हे उत्तर अर्धंच खरं, असं म्हटलं ते यासाठी. सहयोगी सदस्यत्व देऊ केलं तर कमीपणा मानू नका, घ्या. कोअर लॅबचे दर, पायलट ग्रँट, चर्चासत्रं यांपैकी बरंचसं त्यातही मिळतं. नेमकं काय मिळतं आणि काय नाही, ते मात्र आधी विचारून घ्या, कारण काही केंद्रांत पायलटसाठी मुख्य अर्जदार पूर्ण सदस्यच लागतो.

अर्ज भरण्याआधी प्रोग्रॅम लीडरला भेटा. सगळ्या सल्ल्यांतला हा एकच पाळला तरी चालेल. सेंटरचे सदस्य चार-पाच संशोधन प्रोग्रॅममध्ये विभागलेले असतात. कुणी पेशींच्या जीवशास्त्रात, कुणी इम्युनॉलॉजीत, कुणी नव्या उपचारांत, कुणी प्रतिबंध आणि लोकआरोग्यात. तुम्ही कुठे शोभाल, हे नावावरून ठरवू नका. त्या प्रोग्रॅमच्या सदस्यांची यादी काढून कुणाचे पेपर तुम्ही आधीच वाचता आहात ते बघा, म्हणजे तुमचं घर कुठलं ते कळेल. मग लीडरला चार ओळींची मेल करा. मी कोण, कधी रुजू झालो, कॅन्सरशी संबंधित माझा प्रश्न हा, तुमच्या गटातल्या अमक्यांच्या कामाशी तो असा जुळतो, अर्धा तास भेटू का. आदराच्या भरात लांबण लावू नका आणि पहिल्याच मेलमध्ये वीस पानांचा सीव्ही जोडू नका. आठवड्याभरात उत्तर आलं नाही तर एक आठवण करा. तिथे आठवण करणं उद्धटपणात मोडत नाही.

भेटीत ऐकायचं जास्त. या वर्षी सेंटरला कशाची उणीव भासते आहे ते विचारा. पी-३०च्या नूतनीकरणाला किती काळ उरला आहे, तेही. नूतनीकरण वर्षा-दीड वर्षावर आलं असेल तर नव्या सदस्यांकडे जास्त बारकाईने पाहिलं जातं, आणि चांगल्या माणसाला झटपट सामावूनही घेतलं जातं. तुमच्या विभागप्रमुखालाही याची आधी कल्पना द्या. सेंटरला दिलेला वेळ, सेंटरने देऊ केलेली जागा, ग्रँटच्या ओव्हरहेडमधला वाटा यांवरून विभाग आणि सेंटर यांच्यात रस्सीखेच असू शकते. टेन्युअर देणारा विभागच आहे, हे एक क्षणही विसरायचं नाही. सेंटरच्या समित्यांवरचं काम बढतीच्या वेळी धरलं जातं का, हे प्रमुखाला तोंडी विचारा आणि जे उत्तर येईल ते मेलने पुन्हा त्यालाच लिहून कळवा, म्हणजे लेखी राहतं.

काय मिळतं

सगळ्यात मोठा फायदा कोअर लॅबचा. फ्लो सायटोमेट्री, जीनोमिक्स, इमेजिंग, बायोइन्फर्मॅटिक्स, बायोस्टॅटिस्टिक्स, टिश्यू बँक ही यंत्रं आणि माणसं विद्यापीठाने सुरुवातीला दिलेल्या स्टार्टअपच्या पैशातून उभी करणं कुणाच्याही आवाक्याबाहेरचं आहे. बहुतेक केंद्रांत सदस्यांना कमी दर असतो. दरपत्रक मागवून आपल्या वर्षभराच्या कामाशी ताडून बघा. यातही संख्याशास्त्रज्ञाची मदत सोन्याच्या मोलाची, आणि ती प्रयोग आखताना घ्यायची. प्रयोग संपल्यावर आकडे घेऊन गेलात तर तोही फारसं काही करू शकत नाही.

मग पायलट ग्रँट. रक्कम लहान असते, पण आर-०१च्या अर्जात दाखवायचे पहिले निष्कर्ष त्यातूनच येतात. अमेरिकन कॅन्सर सोसायटी काही संस्थांना एक ठोक रक्कम देते आणि ती नवख्या प्राध्यापकांनाच वाटायची असते. तुमच्याकडे ती आहे का, याची चौकशी पहिल्याच महिन्यात करा. एनसीआय ज्या संस्थेचा भाग आहे त्या एनआयएचच्या पैशांचं वातावरण २०२५ पासून अस्थिर झालं आहे, त्यामुळे या घरच्या पैशांची किंमत वाढली आहे.

डॉक्टरांसाठी सेंटरची क्लिनिकल ट्रायलची यंत्रणा महत्त्वाची. कॅन्सरच्या ट्रायलला आयआरबी या एथिक्स कमिटीच्या मंजुरीखेरीज सेंटरच्या वैज्ञानिक छाननी समितीचीही मंजुरी लागते, आणि पुढे रुग्ण येत नसतील तर ही समिती ट्रायल बंदही करू शकते. भारतात एका एथिक्स कमिटीची सवय झालेल्यांना ही दुसरी पायरी अनपेक्षित वाटते. वेळापत्रकात तिची जागा धरून ठेवा.

व्हिसा, नागरिकत्व आणि भारताशी संबंध

इथे आपल्या लोकांचे बरेच गैरसमज आहेत. आर-०१साठी नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागत नाही. ग्रँट विद्यापीठाला मिळते आणि विद्यापीठाने तुम्हाला त्या पदावर नेमलेलं असलं की पुरे. पोस्टडॉकमधून प्राध्यापकपदाकडे नेणाऱ्या के-९९लाही ही अट नाही. मात्र डॉक्टरांसाठीच्या के-०८ आणि के-२३ला नागरिक किंवा कायमचे रहिवासी असणं आवश्यक आहे. सेंटरच्या सदस्यत्वाचा तुमच्या व्हिसाशी सहसा काही संबंध येत नाही. पायलट ग्रँटचा मूळ पैसा कुठून येतो त्यावर काही वेळा अटी असतात, तेवढं वाचून घ्या.

एनआयएचच्या लेखी तुम्ही 'नवोदित संशोधक' असण्याची मुदत शेवटच्या संशोधन पदवीपासून किंवा वैद्यकीय प्रशिक्षण संपल्यापासून दहा वर्षं असते. तुमची पीएचडी मुंबई विद्यापीठाची असली तरी घड्याळ तिथूनच सुरू झालेलं असतं, अमेरिकेत पाऊल ठेवल्यापासून नाही. आधी भारतात काही वर्षं नोकरी करून आलेल्यांनी हा हिशोब लगेच करावा. बाळंतपणासाठी एक वर्ष वाढवून मिळतं, पण त्यासाठी अर्ज करावा लागतो. तो न केलेल्या मुली मला भेटतात, म्हणून मुद्दाम लिहिते.

भारतात तुमचं मानद पद असेल, एखाद्या संस्थेत बिनपगारी सल्लागार असाल, तिथे विद्यार्थी असतील, तर बायोस्केचमध्ये आणि 'अदर सपोर्ट'च्या कागदात जिथे जे सांगायचं ते सांगा. पैसे मिळत नाहीत म्हणून लिहिलं नाही, ही सबब चालत नाही. एनआयएचच्या ग्रँटमधून परदेशी संस्थेला पैसे देण्याचे नियम मे २०२५ पासून बदलले आहेत, तेव्हा भारतातल्या सहकाऱ्याला काही कबूल करण्यापूर्वी विद्यापीठाच्या ग्रँट कार्यालयाला विचारा. भारतातून रुग्णांचे नमुने किंवा माहिती वापरायची असेल, तर तिकडेही आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते. ते काम आयसीएमआरमार्फत चालतं आणि त्याला वेळ लागतो.

म्हणून असे संबंध ठेवूच नयेत, असा अर्थ कुणी काढू नये. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे मुंबईतून पीएचडी झाल्यावर जॉन्स हॉपकिन्सला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. हेला पेशी जिथे वाढवल्या गेल्या तीच ही प्रयोगशाळा. तिथून परतून त्यांनी परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये भारतातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभी केली. त्या संस्थेचा वारसा आज खारघरच्या ॲक्ट्रेक या केंद्रात पुढे चालू आहे. अशी ये-जा कॅन्सर संशोधनाला आजही हवी आहे, फक्त कागद चोख हवेत.

सदस्य झाल्यावर

वर्षातून एकदा सेंटरकडून माहिती मागवणारी मेल येते. कोणत्या नव्या ग्रँट, किती पेपर, कोणते विद्यार्थी, कुठल्या कोअरचा वापर. पुष्कळ जण तिला कंटाळतात आणि तिसऱ्या स्मरणपत्रानंतर घाईने काहीतरी भरून टाकतात. सदस्यत्वाचा फेरविचार होताना समितीपुढे हीच माहिती येते. तुम्ही कितीही उत्तम काम केलेलं असलं, तरी ते तिथे नोंदवलेलं नसेल तर समितीच्या दृष्टीने झालेलं नसतं. एक साधी फाइल ठेवा आणि पेपर स्वीकारला गेला की त्याच दिवशी तिच्यात नोंद करा.

दुसरं, पेपरच्या आभारात पी-३०चा उल्लेख. सेंटरची कोअर लॅब किंवा पायलटचे पैसे वापरले असतील, तर ग्रँट क्रमांकासह एक वाक्य आलंच पाहिजे. पेपर छापून आल्यावर ते घालता येत नाही. हस्तलिखिताचा साचा उघडतानाच ते वाक्य आभाराच्या जागी टाकून ठेवणं उत्तम. आणि वापर केला नसेल तर उगाच लिहू नका. या उल्लेखाबरोबर एनआयएचच्या मुक्त प्रवेशाचा नियमही लागू होतो. १ जुलै २०२५ पासून स्वीकारल्या गेलेल्या पेपरांचं अंतिम हस्तलिखित पबमेड सेंट्रलवर द्यावं लागतं आणि पेपर प्रसिद्ध होईल त्याच दिवसापासून ते सगळ्यांना खुलं होतं. तुमची स्वतःची ग्रँट एनआयएचची नसली तरी पी-३०मुळे हे बंधन येतं.

चर्चासत्रांना जाऊन बसा. पहिल्या वर्षात मागच्या रांगेत, पण जा. एकत्र पेपर, एकत्र ग्रँट या गोष्टी फॉर्म भरून घडत नाहीत; सत्र संपल्यावर कॉफीच्या टेबलाशी कुणीतरी "तुमच्याकडे त्या नमुन्यांची सोय आहे का हो?" असं विचारतं तिथून त्या सुरू होतात. समित्यांच्या बाबतीत मात्र हात आखडता ठेवा. पायलट ग्रँटच्या अर्जांची छाननी करणं फायद्याचं आहे, त्यातून चांगला अर्ज कसा दिसतो ते कळतं. त्यापलीकडे टेन्युअर होईपर्यंत एकाहून जास्त जबाबदारी घेऊ नये असं मी सांगेन. बायकांना आणि बाहेरून आलेल्यांना "तुम्ही असलात तर बरं दिसेल" म्हणून बोलावणी जास्त येतात. नम्रपणे नाही म्हणायला शिका.

अर्ज नाकारला गेला तर कारण लेखी मागा. बहुतेक वेळा कारण एकच असतं, कॅन्सरशी संबंध पुरेसा स्पष्ट नाही. ते दुरुस्त होण्यासारखं आहे. वर्षभराने, दरम्यान झालेलं काम दाखवून पुन्हा अर्ज करता येतो, आणि समितीला दुसऱ्यांदा आलेला माणूस लक्षात राहतो.

ज्यांचं सदस्यत्व जुनं झालं आहे, त्यांना एक विनंती. गणपतीला, दिवाळीला किंवा मंडळाच्या कार्यक्रमात नुकताच रुजू झालेला एखादा मराठी प्राध्यापक भेटला की घर मिळालं का, गाडी घेतली का हे आपण आवर्जून विचारतो. त्याचबरोबर सेंटरचा अर्ज केला का, हेही विचारा. केला नसेल तर प्रोग्रॅम लीडरशी त्याची ओळख करून द्या, आणि मंजूर झालेल्या तुमच्या अर्जाची प्रत त्याला नमुन्यादाखल पाठवून द्या.